महादेव पाण्यात होता त्या आषाढात

यंदाही आषाढ कोरडाच चाललाय. सकाळी ढग येतात, तासभर डोक्यावर उभे राहतात आणि घर चुकलेल्या पाहुण्यासारखे पुढच्या गल्लीकडे निघून जातात. आमच्या जुन्या जालन्यातल्या बायका दारात पिंपं मांडून टँकरची वाट बघत बसतात. नात मला फोनवर निळे-हिरवे डाग दाखवते. "आजी, हे बघ, परवा नक्की पाऊस आहे." मी चष्मा लावून बघते. डाग छान असतात. परवा येतो आणि जातो, डाग तेवढे आणखी पुढच्या परव्यावर सरकलेले असतात. मी तिला म्हणते, "तुझा देव फोनात राहतो, एवढाच काय तो फरक." ती रागावते. रागावू दे. या वयात नातवंडांना चिडवण्याइतकं स्वस्त सुख दुसरं नाही.

पण रात्री कुशीवर वळले की चेष्टा संपते. कोरड्या आषाढातल्या वाऱ्याचा एक आवाज असतो. पावसाळी वारा जड असतो, अंगावर हात ठेवल्यासारखा येतो. हा नुसता फडफडतो, दांडीवर विसरलेल्या धोतरासारखा. तो ऐकला की मी बहात्तर सालात जाऊन पडते आणि तिथून मला सहजासहजी बाहेर येता येत नाही.

तेव्हा जालना जिल्हा नव्हता. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले, अंबड तालुक्यातले. घनसावंगीच्या वाटेवरचं आमचं गाव. नाव सांगत नाही, कारण गाव अजून आहे आणि आता तिथले लोक वाचतात. आदल्या वर्षीही पावसानं हात आखडता घेतला होता, त्या वर्षी तर त्यानं मूठच उघडली नाही. धूळपेरणी करून बसलेली माणसं बांधावर जाऊन माती उकरून बघायची. आतलं बी जसंच्या तसं, वाण्याच्या पोत्यातून आत्ता काढल्यासारखं. कोंब नाही की किडा नाही. किडासुद्धा नाही, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. मेलेल्या वस्तूला निदान कुणीतरी खायला येतं.

आणि मी कशी होते? अरे देवा. (बघा, देवाला हाक मारल्याशिवाय मला वाक्य सुरू करता येत नाही, आणि मी म्हणे नास्तिक.) दोन वेण्या, पांढरी साडी, मामाच्या घरी राहून जालन्याच्या कॉलेजात बी.ए. करणारी. विषय तत्त्वज्ञान. तो का घेतला याचं मी पुढे नोकरीच्या मुलाखतीत फार उदात्त उत्तर दिलं होतं. खरं कारण असं, की त्या तासाला मुलं कमी, त्यामुळे खिडकीजवळची जागा मिळायची आणि खिडकीतून कापडबाजार दिसायचा. सर शिकवायचे छान. दोरीवरच्या सापाचा दृष्टान्त द्यायचे. अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला साप दिसतो. दिवा आणला की साप जातो, दोरी उरते. जगाचंही तसंच. मला हे इतकं आवडलं, की मी दिसेल त्या वस्तूला मिथ्या ठरवत सुटले. मामीची आमटी मिथ्या, मामाचं ओरडणं मिथ्या, परीक्षा मिथ्या. नापास होण्याची भीती तेवढी खरी.

त्या आषाढात माझी थोरली बहीण, ताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वडील बैल घेऊन चाऱ्यासाठी गोदाकाठाला गेलेले. घरात माय एकटी, म्हणून मामानं मला एसटीत बसवून गावी धाडलं. मी दोन पुस्तकं आणि पुष्कळसं ज्ञान घेऊन उतरले. पहिल्याच दिवशी ते ज्ञान मायला दिलं.

"माय, हे सगळं मिथ्या आहे."

"काय हाय?"

"मिथ्या. म्हणजे दिसतं, पण नसतं."

माय चुलीतली राख काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग ती नसलेली घागर उचल, अन् त्या नसलेल्या झिऱ्यावर जाऊन ये जल्दी. लई रांग लागते."

झिरा म्हणजे नदीच्या कोरड्या वाळूत खणलेला खड्डा. बाई गुडघ्यावर बसते, हात खांद्यापर्यंत आत घालते आणि तळाशी पाझरलेलं पाणी वाटीनं भरते. वाटी भरली की थांबायचं. पुन्हा पाझरेपर्यंत बघत राहायचं. त्या थांबण्यात कुणी बोलत नसे. मी पुढे आयुष्यात पुष्कळ ध्यानशिबिरं पाहिली, शुभ्र चादरींवर डोळे मिटून बसलेली माणसं पाहिली. पण झिऱ्याच्या तोंडाशी बसलेल्या बायकांइतकं एकाग्र मी कुणाला पाहिलेलं नाही. आणि त्यांना त्यातून काहीही मिळत नव्हतं. पाण्याशिवाय.

गावविहिरीच्या तळाला गाळ उरला तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, महादेव बुडवायचा.

हे आता कुणाला सांगितलं तर लोक मला गोष्ट रचतेय म्हणतात. आमच्या महादेवाचा गाभारा खोल, चार पायऱ्या उतरून जावं लागे. पाऊस फारच लांबला की गाभाऱ्याची मोरी चिंध्या आणि चिकणमातीनं बंद करायची आणि सगळ्या गावानं पाणी वाहून तो भरायचा, पिंड दिसेनाशी होईपर्यंत. पिंड बुडाली की देवाचा जीव गुदमरतो. जीव गुदमरला की तो कासावीस होऊन पाऊस पाडतो. आणि पाऊस पडेपर्यंत त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही.

मी खूप हसले होते. आता हसू येत नाही. आता वाटतं, किती जवळचा देव होता तो. कॉलेजातल्या ब्रह्माला ना नाक, ना तोंड. त्याला पाण्यात ठेवलं काय आणि उन्हात ठेवलं काय. आमच्या गावाच्या देवाला मात्र श्वास होता, तो अडवता येत होता. माणसाला ज्याचा गळा धरता येतो, त्याच्यावरच त्याचा खरा विश्वास असतो की काय कोण जाणे.

पण तेव्हाची मी! देवळासमोर उभी राहून नामा गुरवाला व्याख्यान दिलं. नामा मोरीत माती ठोकत होता.

"नामाकाका, तो दगड आहे. दगडाला श्वास नसतो."

"बराबर हाय."

"मग प्यायचं पाणी दगडावर का ओतता?"

"माणसांवर ओतून बघितलं बाई," नामा म्हणाला, "माणसं पाऊस पाडत न्हाईत."

दोन-चार बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी लाल झाले आणि त्यांना अज्ञानी ठरवून घरी आले. अज्ञानी ठरवणं हे फार सोयीचं औषध आहे. लगेच गुण येतो.

ताई बाळंत झाली होती, मुलगी. घराला सोयर. म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, तो फिटेपर्यंत घरातल्या कुणी देवाच्या वस्तूला शिवायचं नाही. त्यामुळे महादेव बुडवण्याच्या कामातून आम्ही बाद. त्यात वाईट काही वाटण्यासारखं नव्हतं. उलट मला बरं वाटलं, खांदे वाचले. पण पारावर असंही ठरलं होतं, की गाभाऱ्यातलं पाणी उंबऱ्याला टेकेपर्यंत झिरा देवाचा. त्या दिवसांत झिऱ्यातली प्रत्येक वाटी देवळाकडे जाणार. आणि देवाच्या झिऱ्याला सोयरातल्या घराचा हात चालत नाही. एरवी शेजारच्या वहिनी आमच्या घागरीत वरून पाणी ओतून जायच्या, शिवायच्या नाहीत. आता त्यांच्याकडचंही पाणी देवाला गेलं. कुणी आमचं वाईट चिंतलं नव्हतं. सगळं गाव सगळ्या गावासाठी पाणी वाहत होतं. त्या सगळ्या गावात आमचं घर तेवढं मोजायचं राहून गेलं, इतकंच.

साठवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी संपलं. ताईला ताप चढला होता. बाळंतिणीची खोली अंधारी, धुरीनं भरलेली, आणि त्या धुरात तिचे ओठ कागदासारखे पांढरे दिसत होते. पोर छातीला तोंड लावायची, सोडायची आणि रडायची. नंतर नंतर तिचं रडणं बारीक झालं. मांजराच्या पिलासारखं. मग तेही थांबलं आणि ती नुसतं तोंड उघडून मिटायला लागली. मायनं रांजणाच्या तळाला फडकं फिरवलं आणि ते ओलं फडकं ताईच्या ओठांवर पिळलं. दोन थेंब आले. तिसरा आला नाही.

माय उठली. कळशी घेतली, पदर खोचला.

"चल," मला म्हणाली.

भर दुपार होती. आषाढ असून वैशाखासारखं ऊन. गाव दारं लोटून पडलेलं. देवळात नामा नव्हता, जेवायला गेला असावा. सभामंडपात वटवाघळांचा वास आणि त्याखाली दुसरा एक वास, जो मी कित्येक आठवड्यांत घेतला नव्हता. पाण्याचा. गाभाऱ्याच्या अंधारात ते काळं, स्थिर पाणी उंबऱ्याखालच्या पायरीपर्यंत आलं होतं. वर बेलाची पानं तरंगत होती. पिंड दिसत नव्हती. खाली कुठंतरी होती.

"उतर," माय म्हणाली. "तुझे पाय तरणे हायेत. माझा घसरला तर गाव जागं होईल."

मी उंबऱ्यापर्यंत गेले. एक पाय उचलला. आणि तो तसाच राहिला.

"काय झालं?"

"मला न्हाई जमत, माय."

"का? दगड हाय म्हणली व्हतीस ना?"

आजही मला नीट सांगता येत नाही. तो नाही हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवता येतील इतकं पक्कं माहीत होतं. पण त्या काळ्या पाण्याखाली कुणीतरी श्वास रोखून बसलंय आणि मी पाय टाकला की माझा घोटा धरेल, हे माझ्या पायाला माहीत होतं. पाय कॉलेजात गेला नव्हता.

मायनं मला बाजूला सारलं. "मंग दारात उभी राह्य. कोणी आलं तर खोक." मी तिच्याकडे पाठ करून देवळाच्या पायरीवर उभी राहिले. पांढरं ऊन, एक कुत्रं, पलीकडे नाला. मागून मायचा आवाज येत होता. ती मंत्र म्हणत नव्हती, माफी मागत नव्हती. शेजारणीकडे विरजण मागावं तशी बोलत होती.

"महादेवा, तुझ्या डोक्यावर गंगा हाय अन् माझ्या घरात बाळंतीण हाय. सोयराचा हात लावून राह्यले, मला ठाव हाय. जे करायचं ते मला कर. पोरीला काय करू नको."

मग कळशी भरल्याचा आवाज. गब् गब्. तसला भरगच्च आवाज त्या वर्षात मी पुन्हा ऐकला नाही.

घरी येऊन तिनं पाणी पदरातून गाळलं, उकळलं. ताई प्यायली. संध्याकाळपर्यंत दोनदा प्यायली. पोरीला कापसाच्या बोळ्यानं दिलं. मी पण प्याले बरं का. पाय घालता आला नव्हता, पण तोंड लगेच घातलं. त्या पाण्याला बेलाच्या पानांची कडसर चव होती आणि दगडाची. दगडाला चव असते. थंड, जुनी, तोंडात बराच वेळ राहणारी.

पोर जगली. बारशाला मायनं तिचं नाव गंगा ठेवलं. बायका म्हणाल्या, दुष्काळात पाण्याचं नाव बरं. माय पाळण्याची दोरी ओढत राहिली.

पाऊस मात्र आला नाही. रोज संध्याकाळी पश्चिमेला ढग चढायचे, सगळं गाव अंगणात येऊन बघायचं, आणि अंधार पडला की कळायचं, तो नुसता अंधार होता. गाभाऱ्यातलं पाणी हळूहळू उतरायला लागलं. एक दिवस पिंडीचा माथा वर दिसला. नामा गुरवाला सगळ्यांनी धारेवर धरलं, मोरी नीट बुजवली नाही म्हणून. तो शपथा घेऊन सांगत होता. मग कुणीतरी म्हणालं, कुणाचा तरी विटाळ झाला असंल. नाव कुणाचं घेतलं नाही. पण आमच्या घरात ते वाक्य आलं आणि बसलं, ते उठलंच नाही.

त्या दिवसापासून मायनं सोमवार धरला. श्रावणाचा नव्हे, बारा महिन्यांचा. पुढे खडी फोडायच्या दुष्काळी कामावर सगळं गाव गेलं, माय गेली, मीही सुट्टीत गेले आणि हाताला फोड आणून परत पुस्तकात तोंड घातलं. सरकारी सुकडीसाठी लोक रांगा लावत होते, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होते. त्या दिवसांत तसाही रोजच उपास. पण माय सोमवारी तेवढंही खायची नाही. उन्हात हातोडा मारायची आणि संध्याकाळी भिंतीला धरून घरात यायची. तिच्या गालाची हाडं वर आली. मी घाबरले. आणि घाबरले की मी काय करते? व्याख्यान देते.

"माय, पाऊस नुसता आपल्याच गावात पडला नाही का? बीड कोरडं, परभणी कोरडी, पार नगर-सोलापूरपर्यंत सगळं कोरडं. तुझ्या एका कळशीनं एवढा मुलूख कोरडा पडला?"

"सुरुवात कुठूनतरी होतीच ना गं. गोधडी उसवती ती एका टाक्यापासून."

"आणि तू पाणी घेतलं नसतंस, तरी पाऊस पडला नसता."

"तुला काय ठाव?"

"मला माहीत आहे."

"तू तर त्याला न्हाईच म्हणतीस," माय म्हणाली. "जो न्हाई त्याच्या मनातलं तुला बरं कळतं."

मी हा वाद वर्षानुवर्षं घातला. एम.ए. झाले, लग्न झालं, जालन्यातच शिकवायला लागले, तरी प्रत्येक माहेरपणात नवा मुद्दा घेऊन जायचे. एकदा वारे आणि ढग फळ्यावर काढावेत तसे अंगणात खडूनं काढून दाखवले. मायनं कौतुकानं बघितलं आणि वरून झाडू फिरवला, कारण पाहुणे येणार होते. एकदा तिच्याच बाजूनं जाऊन बघितलं. म्हणाले, "समज देव आहे. मग तो दयाळू पण असेल ना? तान्ह्या लेकरासाठी घेतलं, तो समजून घेईल." त्यावर ती म्हणाली, "त्यानं घेतलं असंल समजून. पण ज्यांची जनावरं मेली, ज्यांची म्हातारी माणसं गेली, त्यांना त्यानं काय म्हणून समजवावं?"

याचं उत्तर धर्माच्या लोकांकडेही असतं असं मला आता वाटत नाही. ते मोठ्या शब्दांनी खड्डा झाकतात, तत्त्वज्ञानवाले मोठ्या शब्दांनी तो मोजतात. मायला तो दिसत होता, बस. गंगा सुट्टीला यायची, अंगणात पाण्याशी खेळायची, तांब्या उपडा करायची. माय तिला कधी ओरडली नाही. फक्त तोंड दुसरीकडे वळवायची. जिच्यासाठी सगळं केलं तिच्याकडे सलग बघणं तिला जमत नसे. आजी आणि नातीमधली ती फट कुणालाच दिसत नव्हती. मला दिसायची. आणि मला एकच हवं होतं, की ती फट बुजावी. मायनं एका सोमवारी पोटभर जेवावं. ते कॉलेजातल्या बढतीपेक्षाही मला जास्त हवं होतं, आणि ही शपथेवर सांगण्यासारखी गोष्ट आहे, कारण बढतीसाठी मी काय काय केलंय ते मलाच ठाऊक.

नंतरची वर्षं बरी गेली. त्या दशकाच्या शेवटाला एका कार्तिकात आमचा कापूस असा फुटला होता, की रान पांढऱ्या कोंबड्यांनी भरल्यासारखं दिसायचं. दिवाळीला मी माहेरी आले होते, ताई आणि गंगाही. वेचणीला बायका लावलेल्या. त्यांत शांताबाई होती, नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. उंच, सुकी, कपाळ कोरं. छप्पन सालानंतर वस्तीनं देव सोडले, तेव्हा तिनं सासूच्या देव्हाऱ्यातले टाक स्वतः नदीत नेऊन सोडले होते असं लोक सांगायचे. मायपेक्षा वयानं थोरली, तरी ती मायला आक्का म्हणायची आणि माय तिला शांते. मला हे कधी खटकलं नव्हतं. हेही लिहून ठेवते.

दुपारी सगळ्या बाभळीखाली जेवायला बसल्या. त्या तिकडे, आम्ही इकडे, मध्ये कापसाचं गाठोडं. गंगा मध्ये उड्या मारत होती.

"ही दुष्काळातली ना गं, आक्का?" शांताबाईनं विचारलं.

"हां," माय म्हणाली.

"लई हाल झाले असतील तवा बाळंतिणीचे."

"झाले."

शांताबाई ठेच्याबरोबर भाकरी खात होती. तोंडात घास असतानाच हसली. "तुमचा म्हादेव बुडवला व्हता ना त्या साली? आमी नाल्याच्या थडीवरून बघायचो. सगळं गाव मुंग्यावानी घागरी घेऊन चाललेलं. माझा मालक म्हणला, बघ, ह्यांच्याकडं देव हाय म्हणून पाणी देवाला चाललं. आपण देव सोडला, तर पाणी माणसाला उरलं."

बायका हसल्या. मीही हसले. वाक्य चांगलं होतं, वर्गात वापरता आलं असतं.

"उरलं म्हंजी?" माय म्हणाली.

"म्हंजी आमच्या हिरीला व्हतं ना पाणी."

"त्या साली?"

"व्हतं की. थोडं मचूळ व्हतं, पण आटलं न्हाई. नाल्याचा पाझर हाय ना तिला."

मायनं भाकरी खाली ठेवली. "मंग शांते, सांगायचं तरी."

"काय सांगायचं आक्का? रहाट दिसभर वाजत व्हता, गावाला ऐकू जात व्हता." शांताबाईचा आवाज चढला नाही. ती पाण्याचा घोट घेऊन पुढं म्हणाली, "अन् मी कळशी घेऊन तुमच्या दारात आले असते, तर तुमी बाळंतिणीला पाजलं असतं व्हय? खरं सांगा." मग स्वतःच विषय मोडला. "जाऊ द्या. बाळंतिणीला कोण न्हाई म्हणतं? मागितलं असतं तर बिलकुल दिलं असतं. मागाया कोणी आलंच न्हाई." आणि गंगाला हाक मारली, "ये गं, गूळ खाती का?"

गंगा गेली आणि तिच्या हातून गूळ घेऊन आली. कुणी तिला अडवलं नाही.

देवळाची ती पायरी मला आठवली. पाठीमागे माय गाभाऱ्यात उतरलेली, आणि मी राखणीला बाहेर तोंड करून उभी. पांढरं ऊन, कुत्रं, नाला. नाल्यापलीकडे काय होतं? त्यांची विहीर होती. पायरीवरून ती समोरच दिसते, आजही दिसते. रहाट फिरत असणार. कुणी बाई पाणी शेंदत असणार. मी डोळे फाडून त्याच दिशेला बघत होते, कुणी येतंय का म्हणून. दोरीचा साप दिसतो हे मी शिकले होते. समोर पाणी असून डोळ्याला ते पाणीच दिसत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकायची गरजही नव्हती. ते आम्ही पोटातून शिकून आलो होतो. आम्ही सगळे म्हणत होतो, गावात पाणी नाही. खोटं कुणीच बोलत नव्हतं. सगळं एकच ब्रह्म आहे असं मी ज्या आठवड्यात मायला समजावत होते, त्याच आठवड्यात माझ्या ब्रह्माची हद्द नाल्याच्या अलीकडे संपत होती. मायला देवाच्या पाण्यात विटाळाचा हात घालणं सुचलं. हाकेच्या अंतरावर जाऊन कळशी पुढं करणं मात्र आमच्या दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. सुचून टाळलं असतं तर निदान टाळलं म्हणता आलं असतं.

संध्याकाळी आम्ही कापसाच्या गाडीवर बसून घरी निघालो. ऊन उतरलं होतं, बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती, गंगा गाठोड्यांवर झोपली होती. मायनं तिच्या अंगावर पदर टाकला. आणि मला दिसलं, की आज ती गंगाकडे सरळ बघतेय. खूप वेळ. मला आनंद व्हायला हवा होता. पाऊस तुझ्यामुळे थांबला नाही, हे मला इतक्या वर्षांत पटवता आलं नव्हतं, ते शांताबाईच्या एका बोलण्यानं झालं की काय असं वाटलं. मी वाट बघत राहिले.

"इमल," माय म्हणाली.

"काय?"

"देवाच्या पाण्याला हात लावला, त्याला मी सोमवार धरले. धरले ना?"

"धरलेस."

"आज शांताबाई जे बोलली, त्याला उपास कोणता गं?"

एरवी शांते म्हणणारी माय शांताबाई म्हणाली.

"तू शिकलेली हायेस, म्हणून विचारून राह्यले. महादेवाचा गुन्हा असता तर महादेवाला मागता आलं असतं. हा गुन्हा कोणाचा धरावा? कोणाच्या नावानं उपाशी राहावं?"

माझ्याजवळ तेव्हा दोन पदव्या होत्या. कर्मावर बोलता आलं असतं, अविद्येवर बोलता आलं असतं, रूढी आणि समाज यांवर तर तासभर. मी काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, "माय, गार वारा सुटलाय, कान बांध." तिनं कान बांधले.

पुढच्या सोमवारी माय उपास सोडून आमच्याबरोबर जेवायला बसली. ताई आनंदानं तिला वाढायला धावली. मायनं भाकरीचा चतकोर मोडला, कालवणात टेकवला आणि तसाच हातात धरून बसली. आम्ही सगळ्या जेवून उठलो. तो घास भिजून भिजून तुटला आणि ताटात पडला, तरी तिचा हात तिथंच होता.